सगळेच बुडखे उपटायचे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी आणि यजमानांनी मिळून आवारात मेंदीचं कुंपण लावलं. जोडीला दोन कण्हेरी, गेटजवळ बोगनवेल, मागच्या कोपऱ्यात जास्वंद. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन येतो, ती आत लावायला जागा हवी, म्हणून यंदा माघात सगळं तोडून घेतलं. तोडणाऱ्यांनी फांद्या नेल्या आणि गुडघाभर उंचीचे चौदा बुडखे तसेच ठेवले. जेसीबीवाला किमान दोन तासांचे आणि जाण्यायेण्याचे पैसे मागतो. मजुरांनी उक्तं सात हजार सांगितलं. एका शेजाऱ्यांनी ॲसिड ओता म्हटलं, दुसऱ्यांनी खडेमीठ. यजमान सदुसष्ट वर्षांचे, पाठीचं जुनं दुखणं. तरी रोज सकाळी पहार घेऊन एकटेच खणत बसतात. महिनाभरात मेंदीचे दोन बुडखे निघाले. ताई विचारतात, "गणपतीत मुलगा यायच्या आत, कमीत कमी खर्चात, हे सगळे मुळासकट कसे काढायचे? आणि ह्यांना थांबवायचं कसं?"

ताई, नमस्कार.

पत्रासोबत अंगणाचा नकाशा काढून पाठवलात, हे फार बरं केलंत. तो समोर ठेवून मी आधी एवढंच पाहिलं, की गाडी कुठून आत येणार आणि कुठे उभी राहणार. गेटपासून पोर्चपर्यंतच्या पट्ट्यात मेंदीचे चार आणि कण्हेरीचा एक, असे पाचच बुडखे येतात. मेंदीचे उरलेले चार कंपाउंडच्या भिंतीला खेटून आहेत. दुसरी कण्हेर नळाच्या पाइपाशेजारी आहे, बोगनवेल गेटच्या खांबाला लागून आणि जास्वंद पार मागे. म्हणजे काढायलाच हवेत असे पाच. बाकी सात कुणाच्या वाटेत नाहीत. ते राहिले तर गाडीचं काय अडतं, हे आधी घरात एकमेकांना विचारा. आवार मोकळं करायला निघालं की सगळं एकदम स्वच्छ दिसावं असं वाटतं, ते मला समजतं. पण खर्च बुडख्यांच्या संख्येवर वाढत जातो, आणि भिंतीजवळचा एक बुडखा वाटेतल्या तिघांइतका त्रास देतो.

भिंतीलगतचे चार तर मी खणूच नका म्हणेन. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या हालचालीने कंपाउंडच्या भिंती आधीच तडकलेल्या असतात. त्यात पायालगत दीड-दोन फूट खड्डा घेतला आणि वर पाऊस आला, तर भिंत तिथेच झुकते. मग वाचवलेले पैसे गवंड्याकडे जातात. नळाच्या पाइपाजवळच्या कण्हेरीचं आणि खांबाजवळच्या बोगनवेलीचंही तेच. हे सहा बुडखे बारीक दाताच्या करवतीने जमिनीसपाट, जमल्यास माती बाजूला सारून चार बोटं खाली कापा आणि वरून माती ओढा. त्यांचं पुढे काय करायचं ते सांगतेच.

आता वेळेचं. तुमचं पत्र वैशाखातलं. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात, आणि यजमान कोरड्या काळ्या मातीत पहार मारताहेत. ह्या दिवसांत ती माती पहार परत उसळवते. महिन्यात दोनच निघाले ह्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांच्या जागी पंचविशीतला मुलगा असता तरी फार वेगळं घडलं नसतं. मृगाचा पहिला बरा पाऊस होऊ द्या. पाऊस पडला की लगेच उतरू नका. ओली काळी माती फावड्याला, चपलेला, हाताला चिकटून बसते आणि निम्मा वेळ ती खरवडण्यात जातो. दोन-चार दिवस जाऊन वाफसा आला की सुरुवात करा. मूठभर माती दाबून पाहा. गोळा झाला पण तळहाताला चिकटला नाही, तर तो दिवस खणायचा. मेमध्ये दोन दिवस खाणारं खोड त्या दिवशी तासा-दीड तासात हलतं.

मृग कोरडा गेला तर? सोलापुरात तसं होतंच. इथे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो, आणि आपली रब्बीची मालदांडी ज्वारी त्या परतीच्या ओलीवरच उभी राहते. ज्यांना घाई नाही त्यांनी सरळ उत्तरा-हस्ताच्या पावसानंतर हे काम काढावं. तुम्हाला गणपतीची मुदत आहे, म्हणून मृग हुकला तर पाच बुडख्यांपुरतं पाणी आपण द्यायचं. पण पिण्याचं नाही. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात बुडखे भिजवायला नळ सोडणं मला पटत नाही. वॉशिंग मशीनचं, धुणंभांड्याचं पाणी चालतं, कारण इथे झाड जगवायचं नाहीये. बुडख्याभोवती हातभर रुंदीचं आळं करा. आधी भेगांमध्ये भुसभुशीत माती ढकलून त्या बुजवा, नाहीतर बादलीभर पाणी भेगेतून कुठच्या कुठे निघून जातं. तीन-चार संध्याकाळी आळं भरा, एक दिवस जाऊ द्या आणि मग खणा.

एक गोष्ट मात्र आजच सांभाळा. तुमचे बुडखे गुडघाभर उंच आहेत, हे तुमचं नशीब. वाटेतले पाच कुणालाही "बुडातून छाटून देतो" म्हणू देऊ नका. तो गुडघाभर दांडा म्हणजे हातात धरून हलवायची तरफ आहे. तो गेला की जमिनीतलं खोड धरायला काही उरत नाही, आणि काम दुप्पट होतं. हे वाचणाऱ्या ज्यांची झुडपं अजून उभी आहेत त्यांनीही तोडताना कमरेएवढा दांडा राखावा. आणि तोडण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्यावं. राज्यात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आपलं ते झुडूप की झाड, हे त्यांच्याकडूनच कळलेलं बरं.

खणायची रीत अशी. खोडापासून दीड फूट लांब गोल चर घ्या, खोडाच्या बुडाशी नाही. बहुतेक लोक बुडाशी पहार मारतात, तिथे मुळं सगळ्यात जाड असतात. दीड फुटावर तीच मुळं अंगठ्याएवढी होतात. चर फूटभर खोल गेला की आडवी मुळं दिसू लागतात. त्यांच्यावरची माती पाणी मारून किंवा जुन्या झाडूने काढा, कारण मातीत करवत चालवली की पात्याची धार गेली. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी कापून मधला तुकडा बाहेर काढा. नुसतं एकदा कापलं तर दोन्ही टोकं एकमेकांना अडकतात आणि खोड हलत नाही. सगळीकडची आडवी मुळं सुटली की दांडा धरून चारी दिशांना हलवा. कुठल्या बाजूला अडतंय ते हाताला लगेच कळतं. मग पहारीखाली दगड किंवा लाकडी ठोकळा टेकू म्हणून ठेवून खालून उचला. वीट ठेवू नका, ती फुटते आणि पहार निसटून नडगीवर बसते. मेंदीचं मूळ खोल जातं, ते सगळं काढायचा हट्ट नको. दीड-दोन फुटांवर सोटमूळ कापलं आणि वरचा गड्डा काढला की पुरे, खालचं मातीत कुजून जाईल. कण्हेरीच्या मुळांचा गुंता पसरलेला असतो पण तितका चिवट नसतो.

गाडीला दोर बांधून खेचायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. देऊ द्या, ऐकू नका. ताणलेला दोर किंवा साखळी तुटली की जो फटका येतो त्याने माणूस जायबंदी होतो. यंत्राची मदत हवीच असेल तर बांधकामवाल्यांकडे साखळीची कप्पी भाड्याने मिळते. ती हळूहळू ओढते, झटका देत नाही. पण पाच झुडपांसाठी तिची गरज पडू नये.

कण्हेरीबद्दल जरा थांबून सांगते. तिचं पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी, आणि पिवळी बिट्टीही तशीच. कापताना हातमोजे घाला, चीक डोळ्याला लागू देऊ नका, हत्यारं धुऊन ठेवा. तिचं लाकूड चुलीत, बंबात किंवा शेकोटीत घालायचं नाही, कारण धूरसुद्धा घातक असतो. फुटलेला पाला शेळ्यांना टाकू नका. जाळून बुडखा संपवायचा विचार तर कण्हेरीच्या बाबतीत मनातही आणू नका. मेंदीचं लाकूड मात्र चांगलं सरपण आहे. ते घेऊन जायच्या बोलीवर मजूर थोडे पैसे कमी करतात, विचारून पाहा.

ॲसिडचा डबा शेजाऱ्यांना परत करा. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते. ॲसिड ओतलं की ते फसफसतं, चुनखडीशी लढून तिथेच संपतं, आणि मूळ खाली शाबूत राहतं. जळतात ते आपले हात आणि डोळे. मीठ त्याहून वाईट, कारण ते संपत नाही. मिठातल्या सोडियममुळे काळी माती चोपण होते. पाणी मुरत नाही, वाळली की कडक थर धरतो, आणि त्या जागी पुढे काही रुजत नाही. आपल्या बोअरचं पाणी आधीच खारट, त्यात आपण हातांनी भर का घालायची? रॉकेल, डिझेल, मोरचूद ह्यांचंही नाव नको. तणनाशकाबद्दल म्हणाल, तर ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घालणारा आदेश काढला होता. घरच्या आवारात, पाण्याच्या पाइपाशेजारी ते ओतण्याइतका मोठा हा प्रश्न नाही.

मग सपाट कापलेल्या सहांचं काय? ते फुटणार, हे धरूनच चाला. उसाचा खोडवा जसा तोडणीनंतर बुडातून उठतो, तसंच हे. मुळांत साठवलेलं अन्न असतं आणि बुडाशी निजलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब असतात. पण प्रत्येक फूट त्या साठ्यातून खर्च करते. पान मोठं होऊन पुन्हा कमाई सुरू करायच्या आत ती फूट मोडली, तर साठा आटत जातो. म्हणून पावसाळाभर दर पंधरवड्याला फेरी मारायची आणि कोवळे धुमारे बुडातून खुडायचे. बसून, विळ्याने, पाच मिनिटांचं काम. एक पावसाळा नीट सांभाळला तर मेंदी बहुतेक दमते, बोगनवेल दुसऱ्या वर्षीही डोकं काढते. बुडख्यावर जुन्या काळ्या प्लास्टिकचा तुकडा टाकून वर माती ओढली तर आणखी सोपं जातं.

बुडख्याला गिरमिटाने भोकं पाडून शेणकाला भरायचा, म्हणजे तो लवकर कुजतो, असं सांगतात. सांगतात ते चूक नाही. बुरशीला ओल आणि नत्र मिळालं की लाकूड मऊ पडतं. पण सोलापुरात माघापासून ज्येष्ठापर्यंत जमिनीत ओलच नसते, तेव्हा कुजणं थांबतं. वर्ष-दोन वर्षं सहज जातात. शिवाय कुजतं लाकूड म्हणजे वाळवीला आवतण. घराच्या भिंतीपासून, दाराच्या चौकटींपासून लांब असलेल्या बुडख्यालाच हा उपाय करा. तुमच्या नकाशात पोर्चजवळ जे दोन आहेत ते वाटेतलेच आहेत, ते खणून निघतीलच.

आता पैशांचं. सात हजार हे चौदा बुडख्यांचं उक्तं मोल, तेही कडक उन्हातलं. मजुराने उन्हाळ्यातली कोरडी जमीन पाहून आकडा सांगितला, त्यात त्याचीही चूक नाही. तुम्ही वाफशाच्या दिवशी, फक्त पाच बुडख्यांसाठी, दोन माणसं रोजावर बोलवा. आदल्या संध्याकाळी हत्यारांना धार लावून ठेवा, पहार-कुदळ-टिकाव-घमेली शेजारून गोळा करा, आणि पाण्याची लाइन, मोटारीची वायर, ड्रेनेजची चेंबरं कुठे आहेत तिथे चुन्याने खुणा करा. एका दिवसाच्या दोन हजेऱ्यांत काम संपायला हरकत नाही. दुपारपर्यंत उरकलं तर भिंतीलगतची करवतही त्यांच्याकडूनच मारून घ्या.

जेसीबी वाईट नाही. अर्धा एकर मोकळ्या प्लॉटवर वेडी बाभूळ माजली असेल तर तोच स्वस्त पडतो, तिथे माणसं लावणं म्हणजे पैसे आणि माणसं दोन्ही खर्ची घालणं. पण तुमच्या आवारात त्याला वळायला जागा नाही, खाली पाइप आहेत, आणि तासाचं काम नसताना दोन तासांचे पैसे जातात. गल्लीत कुणाचा पाया खणायला तो आलाच असेल तर अर्ध्या तासाचं विचारून पाहण्यात काही जात नाही. पाइपाच्या खुणा मात्र त्याआधी करा.

आणि तुमचे यजमान. तुम्ही लिहिलंत की "पैसे वाचवायला ते खणतात". ताई, मला तशी खात्री वाटत नाही. ती मेंदी त्यांनी आईसोबत लावली. आई गेली, दोन वर्षांत मेंदीही तोडली, आणि ती मुलाच्या गाडीसाठी तोडली. त्याला ते नाही म्हणाले नसतील, पण तोडणाऱ्या परक्या माणसांनी तासाभरात जे केलं, ते त्यांना स्वतःच्या हातांनी, सावकाश पुरं करायचं असेल. माझा अंदाज चुकीचाही असू शकेल. तुम्ही त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला जास्त कळेल. पण "पाठ दुखेल, सोडा" असं रोज सांगून ते थांबलेले नाहीत, एवढं तर पत्रातच आहे. एकदा सकाळी चहा घेऊन तिथे बाहेर बसा आणि पाठीबद्दल न बोलता विचारा, की ह्यातलं काय ठेवावंसं वाटतं.

कारण ठेवता येतं. मागच्या कोपऱ्यातली जास्वंद कुणाच्या आड येत नाही. तुम्हीच लिहिलंय की तिला खालून चार फुटवे आलेत. तिला मारायची खटपट करण्यापेक्षा दोन घमेली शेणखत घाला, मधले जोमदार दोन फुटवे ठेवा, बाकीचे काढा. दिवाळीपर्यंत देवाला फुलं मिळतील. भिंतीलगतच्या चार मेंदींबाबतही हा पर्याय खुला आहे. दर महिन्याला छाटून कमरेखाली ठेवलेलं कुंपण गाडीला अडत नाही, आणि ते ठेवायचं ठरलं तर करवतीचं कामही वाचलं. मुलाला आधी फोनवर सांगा. "सगळं काढा" हा त्याचा आग्रह आहे की तुम्ही दोघांनी तसं समजून घेतलंय, हेही त्यात स्पष्ट होईल. त्याला गाडीपुरतीच जागा हवी असेल, तर वाद उरतच नाही.

खणायच्या दिवशी यजमानांना लांब ठेवू नका, त्याने ते दुखावतील. कुठलं मूळ आधी कापायचं, कुठे टेकू लावायचा, हे त्यांनी सांगावं. मुळांवरची माती त्यांनी झाडावी. पहार आणि उचलणं मजुरांचं. तोवर, मृगापर्यंत, पहार आत ठेवा. सकाळी आठनंतर त्या उन्हात कष्टाचं काम नकोच, सदुसष्टाव्या वर्षी तर नाहीच. भोवळ, मळमळ, डोकं ठणकणं, घाम येणं थांबणं, ह्यातलं काही दिसलं तर सावलीत घ्या, अंग ओलं करा, आणि शुद्ध हरपतेय असं वाटलं तर १०८ ला फोन करा.

विंचवांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मेंदीच्या बुडाशी, दगडांखाली ते असतात, आणि पहिल्या पावसात सापही बाहेर पडतात. खड्ड्यात उघडा हात घालायचा नाही, बूट घालूनच उतरायचं, सुटलेली माती आधी फावड्याने ओढायची. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवा. कुणाला दंश झालाच, तर चिरा देणं, दोर आवळणं असलं काही न करता थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

शेवटचं काम लोक विसरतात, ते खड्डे बुजवण्याचं. निघालेली काळी माती तशीच परत लोटली तर पहिल्या मोठ्या पावसात गाडीचं चाक तिथेच रुततं. निघालेली माती जास्वंदीच्या आळ्याकडे न्या आणि खड्ड्यात मुरूम भरा. एकदम नाही. वीतभर थर, त्यावर पाणी, धुमस (जमीन ठोकायचं जड हत्यार) मारून घट्ट, मग पुढचा थर. कडेपेक्षा दोन बोटं उंच ठेवा, तो बसतोच. घराचं काम चाललेल्या एखाद्या शेजाऱ्याकडे मुरुमाचा ढीग असेल तर पाच खड्ड्यांपुरता मागून घ्या, ट्रॉली आणायची गरज नाही. मृगात काम झालं तर गणपतीपर्यंत त्यावर दोन-तीन पाऊस पडून जातील. मुलाची गाडी यायच्या आधी जिथे जमीन बसली असेल तिथे आणखी एक घमेलं मुरूम टाकून पुन्हा धुमस मारा, आणि मगच गाडी आत घ्या.